सातवीच्या वर्गात फासे, चिंचोके आणि 'बाई, हे चीटिंग आहे!'

शनिवारची_बाई

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर 'मीठ किती?' एवढंच विचारून पळते, पण आज राहवलं नाही. बँकेतून निवृत्त झाल्यापासून परळच्या बाजूला एका मराठी शाळेत दर शनिवारी सकाळी जाते. सहावी-सातवीची मिळून चाळीसेक मुलं. शाळेचं म्हणणं एवढंच की अभ्यासक्रमातलं नको, गणिताची भीती जाईल असं काहीतरी घ्या. मी शक्यता घेतली. पुस्तकातली 'संभाव्यता' दहावीच्या गणित भाग १ मध्ये येते; यादृच्छिक प्रयोग, नमुना अवकाश (म्हणजे सगळ्या शक्य निकालांची यादी), समसंभाव्य (सारख्याच शक्यतेच्या) निष्पत्ती असा सगळा मानपान घेऊन. तोवर लुडो, हाऊसी आणि क्रिकेटच्या टॉसमधून मुलांनी आपली आपली एक संभाव्यता तयार केलेली असते. ती बहुतेक चुकीची असते, पण पक्की असते.

पहिल्या शनिवारी मी नाणं घेऊन उभी राहिले. 'छापा पडण्याची शक्यता किती?' चाळीस तोंडांतून एकदम उत्तर: 'एक छेद दोन!' झालं, तास संपला. उत्तर माहीत असताना नाणं कशाला उडवायचं? दहा मिनिटांत मागच्या बाकांवर त्याच नाण्यांचा कॅरम सुरू झाला.

पुढच्या वेळी डाव बदलला. तिघातिघांचे गट आणि गटाला दोन नाणी. दोन्ही छापे पडले तर पहिल्याला गुण, दोन्ही काटे तर दुसऱ्याला, एक छापा आणि एक काटा तर तिसऱ्याला. कोणी कोण व्हायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. कुणाचीही तक्रार नाही. तीन प्रकार, तीन माणसं, वाटणी चोख. चोवीस वेळा उडवायचं आणि ताळ्याच्या खुणा करायच्या. निम्मा डाव व्हायच्या आत एका कोपऱ्यातून आरोळी आली, 'बाई, हे चीटिंग आहे! सगळे ह्यालाच मिळतायत!' मग दुसऱ्या कोपऱ्यातून तीच. नाणी त्यांची, उडवणारे ते, मी खिडकीपाशी उभी. मग लबाडी केली कोणी? फळ्यापाशी मोठं भांडण झालं. शेवटी एका मुलीने एक रुपया आणि पाच रुपयांचं नाणं हातात घेऊन दाखवलं: रुपयाचा छापा नि पाचाचा काटा हे एक, रुपयाचा काटा नि पाचाचा छापा हे दुसरं. चारातली दोन घरं एकट्या तिसऱ्याची.

तेव्हापासून माझं मत झालंय की या वयात शक्यता शिकवायची तर आधी लबाड डाव मांडायचा. 'शक्यता किती' या प्रश्नाशी त्यांना काही देणंघेणं नसतं. 'माझ्यावर अन्याय होतोय का' या प्रश्नासाठी मात्र ती डबा सोडून मोजत बसतात.

मग आली बारा लोकलची शर्यत. जमिनीवर खडूने रूळ आखले: चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी, लोअर परळ, प्रभादेवी, दादर. आठ उड्या. गाड्यांना १ ते १२ नंबर. दोन फासे टाकायचे, बेरीज येईल त्या नंबरची गाडी एक स्टेशन पुढे. गाडी आधी निवडायची, आणि का निवडली ते वहीत एका ओळीत लिहायचं. (हे लिहून घेणं फार महत्त्वाचं. नाहीतर हरल्यावर सगळे म्हणतात, 'मला माहीतच होतं.') कारणं वाचण्यासारखी होती. ७ घेणाऱ्याने लिहिलं 'धोनी'. १० वाल्याने 'सचिन'. आणि सर्वात चपळ पोराने धावत येऊन १ पकडला, कारण 'पहिला नंबर नेहमी पहिला येतो'.

सहाची, सातची आणि आठची गाडी महालक्ष्मीच्या पुढे गेली तरी एकची चर्चगेटलाच. 'बाई, माझी गाडी यार्डात गेली का?' बाकीचे ओरडले, 'मेगाब्लॉक!' मग मात्र त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. 'दोन फासे टाकल्यावर एक पडणार कसा, बाई?' एवढं म्हणून तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला क्षणभर खरंच अपराधी वाटलं.

आता अडचण. त्याच संध्याकाळी एका पालकांचा निरोप आला: 'शाळेत जुगार शिकवता का?' शाळेने मला काही म्हटलेलं नाही, पण प्रश्न डोक्यात बसलाय. इथे शिक्षक आहेत, पालक आहेत. तुमचे अनुभव सांगा, आणि नवे डावही.

—

दोघांची_आई

ताई, मस्त लिहिलंय. माझा सहावीतला मुलगा फोनवर लुडो खेळतो आणि रोज रडतो की फोन चीटिंग करतो, सहा देतच नाही. काल दहा वेळा टाकून सहा आला नाही म्हणे. माझे यजमान म्हणाले, 'आता इतका वेळ नाही आला म्हणजे येणारच, थांब.' तो थांबला. नाही आला. आता दोघंही माझ्याकडे बघतात.

—

हिशेबनीस

दोघांची_आई, यजमानांना सांगा की फाशाला आठवण नसते. अकराव्या खेपेलाही सहात एकच.

आणि फोनवरचा आरोप असा तपासा. एका खेपेला सहा न पडण्याची शक्यता ५/६. दहाही खेपांना न पडण्याची शक्यता म्हणजे ५/६ दहा वेळा गुणायचे, साधारण ०.१६. म्हणजे सहा पोरं लुडो खेळायला बसली तर त्यातलं एखादं दहा खेपा नुसतं बसून राहणं अगदी स्वाभाविक आहे. बाईंच्या चाळीसच्या वर्गात अशी सहा-सात निघतील. त्या सहा-सातांना फोन चोर वाटेल, बाकीचे तेहेतीस गप्प खेळत राहतील. तक्रार फक्त हरणाऱ्याची ऐकू येते.

वर्गात करायचंच तर सगळ्यांना उभं करा. सहा पडला की खाली बसायचं. दर फेरीला किती उभे राहिले ते फळ्यावर लिहा. चाळीस, मग तेहेतीसच्या आसपास, मग अठ्ठावीस... शेवटी एकदोन बिचारे उभेच असतात आणि वर्ग त्यांना टाळ्या वाजवत असतो.

—

पाढे_पंचावन्न

बाई, मी पंचवीस वर्षं नववी-दहावीला गणित शिकवतोय, त्यामुळे थोडं पाणी घालतो. हे सगळं छान आहे, पण चाळीस मुलं, पस्तीस मिनिटांची तासिका, शेजारच्या वर्गात इतिहास चाललेला. ऐंशी फासे बाकावर आपटले की मुख्याध्यापिका दारात. आणि परीक्षेला विचारतात ते घटनेचे घटक भागिले नमुना अवकाशाचे घटक. मुलं ते न कळता करतात आणि पूर्ण गुण मिळवतात. मग खेळायला वेळ कुठून आणायचा?

—

शनिवारची_बाई

सर, आवाजाचा उपाय सापडलाय. डब्यात चटणी देतात ती छोटी पारदर्शक प्लास्टिकची डबी घ्यायची, दोन्ही फासे आत टाकून झाकण लावायचं. डबी हलवायची, टेबलावर ठेवायची, वरून वाचायचं. फासा बाकाखाली जात नाही, 'तो मोजायचा नाही, खाली पडला होता' हे भांडण मिटतं, आणि इतिहासाच्या बाईसुद्धा खूश.

आणि गुणांबद्दल... तुमची दहावीची मुलं 'दोन फासे' वाचलं की ३६ लिहितात. त्यांना विचारून बघा, ३६ का, २१ का नाही?

—

पाढे_पंचावन्न

विचारलं. तीन वर्गांत विचारलं. 'सर, सहा सक छत्तीस' असं उत्तर मिळालं. (२,५) आणि (५,२) वेगळे का धरायचे (एकच धरले तर ते २१), यावर एक हुशार मुलगी म्हणाली, 'पुस्तकात तसं लिहितात म्हणून.' हरलो.

—

कोष्टक

सर, त्या मुलीला फार बोलू नका. लाइब्निझसारख्या थोर गणितज्ञाचाही इथे पाय घसरला होता. दोन फाशांवर १२ आणि ११ पडणं सारखंच शक्य आहे, कारण दोन्हीला एकेकच रीत, असं त्याने लिहून ठेवलंय. १२ म्हणजे सहा-सहा, ११ म्हणजे सहा-पाच. त्याचे दोन्ही फासे डोक्यात एकाच रंगाचे असणार!

म्हणून एक फासा लाल आणि एक पांढरा घ्या. रंग वेगळे असले की 'लाल पाच पांढरा सहा' आणि 'लाल सहा पांढरा पाच' हे मुलं आपोआप वेगळं बोलतात. दोन्ही पांढरे असले की कितीही समजावा, डोळ्याला एकच दिसतं. बाईंच्या मुलीने रुपया आणि पाचाचं नाणं घेतलं तो हाच प्रकार, आणि तिला कुणी सांगितलंही नव्हतं.

नंतर ज्यांना चटक लागेल त्यांच्यासाठी तीन फासे. बेरीज ९ आणि बेरीज १०, दोन्ही सहा-सहा प्रकारांनी होतात. पण जुगाऱ्यांना अनुभव होता की १० जास्त पडतो. हे कोडं गॅलिलिओपर्यंत गेलं आणि त्याने मोजून दाखवलं: २१६ पैकी २५ आणि २७. सगळा फरक ३-३-३ मुळे, कारण ते एकाच रीतीने पडतं. सातवीच्या मुलांना एक आख्खा शनिवार पुरतो.

—

किल्वरची_राणी

एवढे फासे विकत कशाला आणता? राजा-प्रधान-शिपाई-चोर खेळवा! चार चिठ्ठ्या, खर्च शून्य. आमच्याकडे राजाला १०००, प्रधानाला ८००, शिपायाला ५००, चोराला भोपळा. प्रधानाने उरलेल्या दोघांतून चोर ओळखायचा. चुकला तर त्याचे ८०० चोराला.

माझी भाची म्हणते ती 'चेहरा वाचते' म्हणून जिंकते. मी तिला म्हटलं, प्रधान बरोबर असो की चूक, दर डावाला एकूण गुण २३००च वाटले जातात ना? मग चौघांनी भरपूर डाव खेळले की चेहरा न वाचणाऱ्याला सरासरी ५७५ पडणार. तुझे त्याहून जास्त असतील तर चेहरा वाचतेस, नाहीतर नशीब वाचतेस. आता ती वही ठेवते. दोन महिने झाले, अजून मला दाखवलेली नाही.

—

लघुगुरू

फासे आयात करण्याआधी घरातल्या गोष्टी बघा की. आमच्या लहानपणी चल्लस आठ खेळायचो ते चिंचोक्यांवर. चिंचोका मधोमध फोडायचा आणि फरशीवर घासून एक बाजू पांढरी करायची. असे चार तुकडे टाकायचे. एक पांढरा वर आला तर एक घर, दोन तर दोन, तीन तर तीन, चारही पांढरे म्हणजे चल्लस, चार घरं. आणि एकही पांढरा नाही म्हणजे आठ! शून्याला सगळ्यात जास्त, हे पोरांना फार आवडतं.

आता मोजा. चार तुकडे, प्रत्येकाच्या दोन बाजू, एकूण १६ तऱ्हा. शून्य पांढरे १, एक पांढरा ४, दोन पांढरे ६, तीन ४, चार १. हे १-४-६-४-१ कुठे पाहिलंय? छंदशास्त्रात! चार अक्षरांच्या चरणात लघु-गुरू मांडायच्या १६ तऱ्हा, त्यातल्या दोन गुरू असलेल्या ६. छंदशास्त्रकार पिंगलाच्या सूत्रांवर दहाव्या शतकात हलायुधाने टीका लिहिली, तिच्यात या आकड्यांचा त्रिकोण, म्हणजे मेरुप्रस्तार, मांडलाय. फ्रेंच गणितज्ञ पास्कलने तोच त्रिकोण लिहिला १६५४ साली. आमच्या मराठीच्या बाई वृत्तं शिकवायच्या आणि गणिताचे सर हेच सहा महिन्यांनी वेगळ्या नावाने शिकवायचे. दोघं एकाच स्टाफरूममध्ये बसायचे, पण एकमेकांशी बोलत नसावेत.

—

कोष्टक

लघुगुरू, सगळं मान्य, पण एक मेख आहे. १६ तऱ्हा 'समसंभाव्य' केव्हा? पांढरी आणि काळी बाजू सारखीच पडत असेल तेव्हा. घासलेला चिंचोका एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर. कवडीचं तेच. तिथे निम्मं-निम्मं गृहीत धरता येत नाही, टाकूनच बघावं लागतं.

—

लघुगुरू

अहो, मग तेच तर शिकवायचं ना! पुस्तकातलं प्रत्येक नाणं शहाणं असतं.

—

शनिवारची_बाई

तुमच्या दोघांच्या भांडणाचा फायदा घेतला. दादरला पूजासाहित्याच्या दुकानातून कवड्या आणल्या, चिंचोके घरचेच, आणि कालचा शनिवार त्यात घालवला. खेळ नाही, नुसतं टाकणं आणि मोजणं. आधी अंदाज लिहून घेतले. सगळ्यांनी 'अर्धं अर्धं' लिहिलं. मग प्रत्येक गटाने आपली एकच कवडी शंभर वेळा टाकली.

एका गटाची जवळपास अर्ध्यावर आली. दुसऱ्या गटाची बरीच एका बाजूला झुकली. 'बाई, आमची कवडी खराब आहे.' तिसऱ्या गटाने कवडी जोरात घोळवून टाकली तर वेगळं, हळूच सोडली तर वेगळं. वर्ग चक्रावला. मीही. खराब कवडी कुठली, यावर डब्याच्या सुट्टीत वाद चालला होता. एक मुलगा म्हणाला, 'बाई, मग रुपयाचं नाणं तरी अर्धंच आहे हे कोणी बघितलंय?' ज्या 'एक छेद दोन'ने माझा पहिला तास खाल्ला होता, त्यावर पाच महिन्यांनी कुणीतरी शंका घेतली. मी घरी येऊन दोन कप चहा प्यायले.

—

रोमातला_राम

नेहमी रोमात (नुसता वाचत) असतो, पण जुगाराच्या मुद्द्यावर कुणीच काही बोललेलं नाही म्हणून लिहितो. त्या पालकांचं मला चूक वाटत नाही. माझ्या घरात हे पाहिलंय. फासे, पत्ते वर्गात आले की पोराला वाटणार, यात काही वाईट नाही. द्यूतात घरं बुडाल्याच्या गोष्टी आपल्याकडे काय कमी आहेत?

—

लघुगुरू

द्यूताची गोष्ट निघालीच आहे तर नलराजाची घ्या. सगळं हरला. मग बाहुक नावाने ऋतुपर्णाचा सारथी होऊन विदर्भाकडे निघाला असताना ऋतुपर्णाने वाटेतल्या बेहड्याच्या झाडाची पानं-फळं किती ते बसल्या जागी सांगितलं. नलाला पटेना, त्याने रथ थांबवून मोजून पाहिलं. बरोबर. मग घोड्यांच्या विद्येच्या बदल्यात नलाने त्याच्याकडून फाशांची विद्या घेतली आणि राज्य परत मिळवलं. महाभारतकाराला मोजणी आणि फासे या जोडविद्या वाटल्या, हे मला फार सूचक वाटतं. शाळेत अर्थात ती गोष्ट आम्हाला फक्त दमयंतीसाठी सांगितली.

—

गिरणगावकर

मी लालबागचा. वय सत्तरीच्या पुढे. मटका म्हणजे काय हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडा लागायचा तिथून सुरुवात. पुढे मडक्यात चिठ्ठ्या, मग पत्ते. चाळीच्या कोपऱ्यावर चिठ्ठी घेणारा उभा. पगाराच्या दिवशी गर्दी बघायची.

आकडे दहा, शून्य ते नऊ. एक रुपया लावायचा, लागला तर नऊ मिळायचे. दहा माणसांनी दहा आकड्यांवर एकेक रुपया लावला तर जमले दहा, वाटले नऊ. उरलेला रुपया कुणाचा? हे भागाकाराचं गणित नाही, वजाबाकीचं आहे, चौथीच्या पोराला येईल. पण माझ्या वडिलांच्या गिरणीतल्या खात्यात एकालाही ते कुणी करून दाखवलं नाही. सगळे स्वप्नात दिसलेला आकडा लावायचे. रोमातला_राम, तुमची भीती खरी आहे. पण वर्गात फासा न आणल्याने ती जाणार नाही. बाहेर फासा आहेच, आता तर तो खिशातल्या फोनात आहे. बाईंना माझा नमस्कार.

—

रोमातला_राम

काका, नऊ आणि दहाचं गणित मलाही कुणी दाखवलं नव्हतं. विचार करतो.

—

शनिवारची_बाई

काका, तुमचा प्रतिसाद वाचून मी धाडस केलं. आधी मुख्याध्यापिकांना सांगितलं, त्या निरोप पाठवणाऱ्या पालकांनाही वर्गात येऊन बसायला बोलावलं. (आले. मागच्या बाकावर.) पैसे नाहीत, फक्त चिंचोके. वर्गात त्या दिवशी तीस मुलं. प्रत्येकाला वीस चिंचोके. त्यांच्याशिवाय आणखी एक मुलगा 'दुकानदार', त्याच्याकडे शंभर. फेरीला एक चिंचोका, शून्य ते नऊपैकी एक आकडा, डब्यातून चिठ्ठी. लागला तर नऊ.

पहिल्याच फेरीत जे झालं त्याला मी तयार नव्हते. अर्ध्या वर्गाने लावला ७ (पुन्हा धोनी), आणि चिठ्ठी निघाली ७. पंधरा जणांना नऊ-नऊ, म्हणजे १३५ द्यायचे. गल्ल्यात शंभर आणि आलेले तीस. दुकान पहिल्या मिनिटाला बंद! मागच्या बाकावरचे गृहस्थ गालात हसत होते. मला वाटलं, झालं, पोरांना उलटाच धडा मिळाला.

पण दुकानदाराने डोकं लावलं. 'बाई, एका आकड्यावर तिघांहून जास्त नको. नाहीतर मी दुकान उघडत नाही.' एवढंच! तीस मुलं, दहा आकडे, प्रत्येकी तीन. आता चिठ्ठी कुठलीही निघो, जमले तीस, गेले सत्तावीस, फेरीला तीन घरात. तो चिठ्ठीकडे बघेनासुद्धा झाला. वीस फेऱ्यांनंतर साठ चिंचोके वर, एकही फेरी तोट्याची नाही.

आणि मुलांचं काय? इथेच मला स्वतःला नवं काही कळलं. मी समजत होते सगळे हरतील. तसं होत नाही. वीस फेऱ्यांत सरासरी दोनच चिंचोके जातात. ज्याला दोनदा लागला तो जवळपास तिथल्या तिथे. काहींना तीनदा, एकीला चारदा लागला, ती वर्गभर नाचत होती. ज्याला जेमतेम एकदा लागला तो म्हणाला, 'अजून दहा फेऱ्या द्या बाई, भरून काढतो.' एकेकट्या खेळणाऱ्याला काहीच दिसत नाही, नुसता चढउतार. दुकानदाराच्या वहीतच ते गणित दिसतं. म्हणून मग प्रत्येकाला पाच-पाच मिनिटं दुकानदाराच्या खुर्चीत बसवलं.

ते पालक जाताना काही बोलले नाहीत. दारात थांबून त्यांनी दुकानदाराची वही मात्र चाळली.

—

विरार_स्लो

मी रोज दीड तास गाडीत असतो, त्यामुळे माझ्याकडून प्रवासी आवृत्ती. मुलीबरोबर आम्ही खेळतो त्याला ती 'हाव' म्हणते. एकच फासा. हवा तितका वेळ टाका, बेरीज साठत जाते. 'बास' म्हटलंत की ती तुमच्या खात्यात. पण एक पडला की त्या पाळीचं सगळं गेलं. आधी १०० करेल तो जिंकला.

प्रश्न एकच, थांबायचं कधी? मी वाटेल तसं थांबायचो, मुलगी (सातवी) सरळ मला हरवायची. शेवटी तिने सांगितलं. पाळीत क्ष साठलेत असं धर. पुढच्या खेपेला सहा शक्यता: एक पडला तर क्ष जाणार, बाकीच्या पाचांत २, ३, ४, ५, ६ मिळणार, त्यांची बेरीज २०. म्हणजे जायचे क्ष आणि यायचे २०, दोन्ही सहाने भागलेले. २०पेक्षा कमी असेल तर टाक, वीस झाले की थांब. मी म्हटलं, हे तुला कुणी शिकवलं? म्हणे, 'बाबा, तुम्ही भाईंदरला झोपलात तेव्हा.'

(शेवटी १०० जवळ आल्यावर किंवा समोरचा पुढे असताना विसाचा नियम थोडा वाकवावा लागतो, पण ते तिला अजून सांगितलेलं नाही. मलाही कधीतरी जिंकायचंय.)

—

किल्वरची_राणी

वाढदिवसांचा डाव करून झाला का बाई? तेवीस माणसं असली तर कुठल्यातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त, चाळीस असली तर ८९ टक्के. वर्ग पैजेवर येतो.

—

शनिवारची_बाई

केला, आणि फसला, राणी! एक मिनिटात जोडी मिळाली, मग दुसरी, मग तिसरी. सगळ्यांची तारीख १ जून. आपल्याकडे जन्मतारीख नक्की माहीत नसली की शाळेत घालताना १ जून लावतात, तो शिरस्ता अजून पुरता गेलेला नाही. ३६५ दिवस समसंभाव्य धरणारं गणित हजेरीपटापुढे आडवं झालं.

—

दोघांची_आई

हाहाहा! माझे सासरे, त्यांचे दोन भाऊ आणि एक आत्या, चौघांचाही १ जून. केक एकच लागतो.

—

पाढे_पंचावन्न

बाई, चटणीच्या डब्या आणल्या. नववीच्या वर्गात बारा लोकल खेळवली. पूर्ण तासिका गेली, एक ओळ फळ्यावर लिहिली नाही. दुसऱ्या दिवशी एका मुलाने विचारलं, 'सर, छत्तीसातली ७ ला सहा घरं आणि ६, ८ ला पाच-पाच, मग ७ प्रत्येक वेळी का जिंकला नाही? आमच्याकडे तर ८ आली.' मला आधी उत्तर सुचलंच नाही. मग सगळ्या गटांच्या खुणा एकत्र करून स्तंभालेख काढला तेव्हा तो तंबूसारखा दिसायला लागला, ७ मधोमध. एका गटात तंबू दिसत नाही, दहा गट मिळवले की दिसतो. पोर्शन एक तास मागे आहे. बघू.

—

शनिवारची_बाई

सर, तुमच्या त्या एका तासाबद्दल मुख्याध्यापिकांकडे मी साक्ष द्यायला येईन.

आणि हे सगळ्यांसाठी. यार्डात गाडी गेलेला तो आमचा १ नंबरवाला आठवतोय ना? काल तास सुरू व्हायच्या आधीच खडू घेऊन रूळ आखत होता. म्हणाला, 'आज मी डाव मांडणार. बेरीज नाही करायची. मोठ्यातून लहान वजा करायचा. गाड्या शून्य ते पाच.' बाकीच्यांनी विचार न करता ५ आणि ० वर उड्या मारल्या. तो सगळ्यांत शेवटी आला, कुणी न घेतलेला १ घेतला आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

मी मुद्दाम उत्तर देत नाही. मोजा.

—

हिशेबनीस

शून्य ६, एक १०, दोन ८, तीन ६, चार ४, पाच २. छत्तीस झाले. अरे वा रे पठ्ठ्या!

—

विरार_स्लो

बाई, त्याने हे मोजून ठेवलं होतं की अंदाजाने घेतला?

—

शनिवारची_बाई

विचारलं. वहीचं मागचं पान दाखवलं. सहा बाय सहाचा तक्ता, लाल आणि काळ्या पेनाने, दोन ठिकाणी खोडलेला. खाली लिहिलं होतं: 'आज मेगाब्लॉक ५ ला.'